चादरींच्या आड क्लॅरिनेट

अण्णा,

मी तुमचं क्लॅरिनेट वाजवायला लागले आहे. तुम्ही असता तर आधी डोक्याला हात लावला असता आणि मग विचारलं असतं, "कुणाला विचारून?" तर कुणालाच विचारून नाही. गेल्या थंडीत मला न्यूमोनिया झाला होता. बरी झाले, पण जिना चढला की धाप लागायची. दवाखान्यातून घरी सोडताना त्यांनी हातात प्लास्टिकचं एक खेळणं दिलं. त्यात तीन गोळे असतात, नळीतून श्वास ओढायचा आणि ते गोळे वर उचलून धरायचे. चार दिवसांत मला त्या गोळ्यांचा वीट आला. तुमचे जावई पाटबंधारे खात्यातून रिटायर झाल्यापासून घरातल्या प्रत्येक अडचणीवर उपाय शोधत असतात. ते म्हणाले, "माळ्यावर अण्णांचं क्लॅरिनेट आहे की. ओढायचं काय नि फुंकायचं काय, छाती तीच." डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. म्हणाले, "हळूहळू वाजवा, धाप लागली की थांबा." अशा रीतीने, पन्नाशी ओलांडल्यावर, मी तुमची काळी पेटी खाली काढली.

पेटी उघडल्यावर जुन्या लाकडाचा आणि तेलाचा वास आला. सांध्यांवर तुम्ही गुंडाळलेला दोरा अजून जागच्या जागी होता, पण भोकांवरच्या गाद्या वाळून गळून पडल्या होत्या आणि तोंडाशी लावायची वेताची पट्टी, ती रीड, चिरली होती. तरी मी तोंडाला लावलं आणि फुंकलं. जो आवाज निघाला त्याला काय म्हणावं मला कळेना. भिंतीपलीकडून शेजारच्या अम्मा, ज्यांच्या घरी तेलुगू बोलतात आणि ज्यांना आमच्या घरातलं सगळं ऐकू येतं, ओरडून म्हणाल्या, "काय गं, शेळी आणली काय तुम्ही?" तुमचे जावई इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. दुसऱ्या दिवशी आम्ही ते घेऊन विजापूर वेशीजवळच्या एका वाद्यं दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. दुकानाच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ चहा पीत बसले होते. त्यांनी माझ्या हातातली पेटी बघितली, आत डोकावून दोऱ्यावर बोट फिरवलं आणि मग ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "पोरी, तू त्याची धाकटी का थोरली?" मी म्हटलं, "एकटीच." "हौ, एकटीच. तेरी शादी में मैं जेवलो होतो. जिलबी होती." अण्णा, ते तुमच्या बँडचे ड्रमवाले चाचा. मी त्यांना ओळखलंच नाही. तेव्हा ते केवढे धिप्पाड होते, आणि आता बसल्या जागी पायरीवर मावतात.

तुम्ही मला कधी शिकवलं नाही, पण मी ऐकलं बरंच होतं. आपल्या त्या घरात खोल्या दोनच, आणि पुढच्या खोलीत आजोबा झोपलेले, म्हणून तुमचा रियाज स्वयंपाकघरात. सकाळी कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी तुम्ही ज्वारीच्या रिकाम्या डब्याच्या तोंडाशी क्लॅरिनेट धरून वाजवताय, म्हणजे आवाज गल्लीत जायला नको. आई शेजारी भाकरी थापतेय. मी अंथरुणातूनच ऐकतेय. तुमचा सूर आणि तिची थाप कधी कधी जुळायची, आणि मग तुम्ही मुद्दाम लय वाढवायचा. ती चिडून म्हणायची, "भाकरी फाटंल की माझी!" तुम्ही डोळे न उघडता म्हणायचा, "हिचा ताल आमच्या ड्रमवाल्याच्यापेक्षा लई बरा हाय." मग तुम्ही डबा घेऊन चादरींच्या कारखान्यात रंगखात्यावर जायचा. संध्याकाळी तुम्ही आलात की आई तुमच्या बोटांकडे बघून सांगायची, आज कोणता माल निघाला. कधी बोटं लाल, कधी मोरपंखी. लग्नसराईत तीच रंगीत बोटं क्लॅरिनेटच्या भोकांवर नाचायची, आणि बँडचा पांढरा पोशाख घालून तुम्ही सगळ्यांच्या पुढे चालायचा.

रेकॉर्डिंगचं वेड मात्र माझं मलाच लागलं. सुरुवातीला मी फोन समोर ठेवून वाजवायचे, चुका कळाव्यात म्हणून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, फोनच बिघडलाय. आपल्याला आपलं वाजवणं एक ऐकू येतं आणि मशीनला भलतंच. मग पुण्याहून लेकीने फोनवर सांगितलं की कॉम्प्युटरवर एक फुकटचा प्रोग्राम मिळतो, आणि माझ्या वाढदिवसाला तिने एक माइक पाठवून दिला. ती नोकरीला गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती. पण त्या खोलीत वाजवलं की विहिरीत वाजवल्यासारखं घुमायचं. तुमच्या जावयांनी दोऱ्या बांधल्या आणि त्यांवर चादरी टाकल्या. आपल्या गावात कुणाच्या घरी चादरी कमी पडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. लग्नातल्या, बारशातल्या, निरोपसमारंभातल्या, कपाटात गठ्ठेच्या गठ्ठे होते. आता त्या खोलीत गेलं की चारी बाजूंनी मोर आणि कमळं, मध्ये एक खुर्ची, आणि त्या खुर्चीवर मी. पंखा बंद ठेवावा लागतो, कारण माइकला पंखाही ऐकू येतो. सोलापूरचा उन्हाळा, भोवती जाड चादरी आणि पंखा बंद. मी ज्या शाळेच्या ऑफिसात काम करते तिथल्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग वजन उतरलं का?" नाही उतरलं.

आणि माइकला काय काय ऐकू येतं म्हणून सांगू! अम्मांच्या कुकरची शिट्टी, भंगारवाल्याचा भोंगा, वरच्या मजल्यावरच्यांचं दळण. नळाला पाणी यायचा दिवस असला तर विचारूच नका, गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि रेकॉर्डिंगमध्ये असं वाटतं की मी आगगाडीत बसून वाजवतेय. पाण्याच्या दिवशी मी आता वाजवतच नाही, मीही पाणीच भरते. पण एका दुपारी सगळं शांत होतं. मी एक साधा सूर लांबवर धरून ठेवला, तो रेकॉर्ड केला, आणि मग तोच हेडफोनमध्ये ऐकत त्याच्यावर दुसरं काही वाजवून बघितलं. प्रोग्रामने ते दोन्ही एकत्र वाजवून दाखवलं. अण्णा, दोन क्लॅरिनेट! आणि दोघीही मीच. मी तशीच घामाने भिजलेली बाहेर आले आणि तुमच्या जावयांना ओढून आत नेलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "यातली तू कुठली?" मग मला थांबवणार कोण? तिसरी घातली, चौथी घातली. स्टीलच्या डब्यात ज्वारी भरून खुळखुळा केला. तुमच्या बँडच्या मालकांची ऐन लग्नसराईत माणसं जमवताना किती पळापळ व्हायची, कुणी आजारी, कुणी गावाला, कुणी रुसलेला. माझ्या बँडात सगळ्या बायका वेळेवर हजर.

पण ड्रम काही डब्यातल्या ज्वारीने होईना. म्हणून मी चाचांना घरी बोलावलं. तुमचे जावई रविवारी सकाळी स्कूटरवरून त्यांना घेऊन आले. मागे चाचा, आणि चाचांच्या मांडीवर ड्रम. अम्मा गच्चीवरून बघत होत्या. चादरींची खोली बघून चाचा दारातच थांबले. "ये क्या है की? चादर का दुकान?" मी समजावून सांगितलं. त्यांना कानाने कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडून सांगत होते आणि तेही ओरडून उत्तर देत होते. त्यांनी पहिला ठोका मारला तसा कॉम्प्युटरवरचा आवाज मोजणारा काटा उडून लाल झाला. तुमचे जावई हात हलवत ओरडले, "चाचा, लाल होतंय! लाल होतंय!" चाचा म्हणाले, "होऊ दे की!" आणि त्यांनी दुसरा मारला. शेवटी ड्रम स्वयंपाकघरात नेला, माइक बाहेरच्या खोलीत ठेवला, मध्ये एक चादर टांगली, तेव्हा कुठं काटा जागेवर राहिला. मी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि आवाज मोठा केला. त्यांना आपला स्वतःचा ड्रम ऐकू आला. किती वर्षांनी ते काही नीट ऐकत होते देव जाणे. ते हेडफोन दोन्ही हातांनी धरून बसले आणि मोठ्यांदा म्हणाले, "अगे, इसमें तो मैं हूँ!"

दुपारी जेवताना आमचं बोलणं तुमच्यावर आलं. मी त्यांना सांगितलं, माझ्या मनात काय आहे ते. मी दुसरीत की तिसरीत असताना एकदा वरातीच्या मागे मागे चालत आले होते, शाळेच्या गणवेशातच. माझे वडील सगळ्यांच्या पुढे आहेत म्हणून मी ऐटीत होते. तुम्ही मागे वळून मला बघितलंत आणि तुमचा चेहरा उतरला. घरी आल्यावर तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडलात. "बँडमागं चालायचं न्हाय! परत दिसलीस तर बघ." त्या दिवसापासून मी समजून चालले की तुम्हाला त्या कामाची लाज वाटते. पुढे माझं लग्न ठरलं तेव्हाही तुम्ही स्वतःचा बँड ठेवला नाहीत, बार्शीचा सांगितलात. तुम्ही सफारी घालून मांडवात उभे होता, सगळ्यांना हात जोडत होता, आणि हात खाली आले की तुमची बोटं मांडीवर चालत होती. बार्शीवाले वाजवत होते आणि इकडे तुमच्या सफारीवर तीच गत. मी ते बघितलं होतं. आणि मग पाठवणीच्या वेळी तुम्ही नव्हताच. गाडी उभी, आई रडतेय, मामा हाका मारताहेत, "अण्णा कुटं गेले? अण्णाला बोलवा की!" तुम्ही आला नाहीत. मी तुमच्या पाया न पडताच गाडीत बसले. अण्णा, हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. तुम्ही माहेरपणाला न्यायला आलात तेव्हाही नाही. पण ते मनात राहिलं होतं.

चाचांनी हातातला घास तसाच ठेवला. म्हणाले, "लाज? किसकू? तुझ्या बापाला?" मग जे बोलले ते मी तुम्हाला तसंच सांगते, तुम्ही त्यांना पोरीला सांगू नको म्हणाला होतात तरीही. ते म्हणाले, "वरातीत पिऊन नाचणारे कसे असायचे तुला न्हाय म्हाईत. त्यांच्यात पोरगी नको, एवढंच. आणि आपला बँड कायकू नाही ठेवला? तो म्हणला, माझ्या पोरीच्या लग्नात माझी माणसं उभी राहून वाजवणार न्हाईत, बसून जेवतील. आम्ही सगळे पंगतीत बसलो. तोच वाढत होता. आणि पाठवणीला तो कुठं गेला म्हणतीस? अगे, तो मांडवाच्या मागं होता, आचाऱ्याच्या चुलीजवळ. बार्शीच्या पोराच्या हातातलं क्लारनेट घेतलं, खिशातून आपली रीड काढली आणि लावली. खिशात घेऊनच आला होता, बेईमान! म्हणला, दारात उभा राहिलो तर रडेन, त्यापेक्षा वाजवतो. पाठवणीला जे वाजलं ना, ते बार्शीवाल्यानं न्हाय वाजवलं. तुझ्या बापानं वाजवलं."

मी उठून हात धुवायला गेले आणि नळ तसाच सोडून उभी राहिले. तुमचे जावई आले, त्यांनी नळ बंद केला. मग म्हणाले, "कॅसेट आहे की." आमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट त्यांनी मागेच सीडीवर उतरवून घेतली होती. आम्ही तिघांनी ती लावली. मांडव आला, जिलबी आली, चाचा स्वतःला ओळखून ओरडले, आणि मग पाठवणी आली. अण्णा, त्या काळचे व्हिडिओवाले कसे होते तुम्हाला आठवतंय ना? आमच्या व्हिडिओवाल्याने पाठवणीचा सगळा खरा आवाज पुसून त्यावर एक सिनेमातलं रडकं गाणं टाकलं होतं. तुमचा एक सूर ठेवला नाही त्याने. मी आवाज बंद करायला लावला आणि नुसतं चित्र बघितलं. मी गाडीच्या दाराशी उभी आहे, पदराने डोळे पुसतेय, बायका माझी ओटी सारखी करताहेत. आणि मधेच मी रडायची थांबते. मान डावीकडे वळवते, जिकडे आचाऱ्याची चूल होती तिकडे, आणि ऐकते. चांगली बराच वेळ ऐकते. कुणीतरी माझा हात ओढून मला गाडीत बसवतं, तरी माझी मान तिकडेच आहे. आम्ही ते चित्र पुन्हा मागे नेऊन बघितलं, आणि पुन्हा. म्हणजे तुम्ही वाजवलंत ते माझ्यापर्यंत पोचलं होतं. फक्त ते तुमचं आहे हे मला माहीत नव्हतं.

साहजिकच मी चाचांना विचारलं, "काय वाजवलं होतं त्यांनी? वाजवून दाखवा, तोंडाने म्हणून दाखवा." चाचा म्हणाले, "मला काय म्हाईत? मी रडत होतो. आणि जिलबी लई झाली होती, झोप येत होती." मी हट्टच धरला तेव्हा त्यांनी काहीतरी गुणगुणून दाखवलं, पण ते सोमवारी सांगितलेलं निराळं आणि बुधवारी सांगितलेलं निराळं. आमचं त्यावरून चक्क भांडण झालं. ते म्हणाले, तुझा बाप एक चीज दोनदा सारखी कधी वाजवायचाच नाही, मी काय लक्षात ठेवू! मला स्वतःला फार तर एक वळण आठवत होतं. हळूहळू वर चढत जाणारं आणि मग एकदम घसरगुंडीवरून खाली आल्यासारखं. ते त्या दिवशीचं की स्वयंपाकघरातल्या एखाद्या सकाळचं, हेही मी शपथेवर सांगू शकत नाही. मग मी शोधाशोध सोडून दिली. ते एवढंसं वळण धरलं आणि पुढचं माझं मीच रचलं. तीन क्लॅरिनेट, ज्वारीचा डबा, आणि चाचांचा ड्रम. चाचांनी चार रविवार आमच्याकडे जेवण केलं आणि प्रत्येक रविवारी नवा ठेका धरला. शेवटी जो सगळ्यात कमी चुकला तो ठेवला.

झालं अण्णा, परवा ते पुरं झालं. तुम्ही असता तर म्हणाला असता, मधल्या जागी सूर उतरलाय. उतरलाय खराच. लेकीला पाठवलं, तिने ऑफिसातून फोन केला. म्हणाली, "आई, छान झालंय गं. पण शेवटी हसलंय कोण?" शेवटी चाचा हसलेत. ते पुसायचं राहून गेलं होतं, आणि नंतर मी ते मुद्दाम ठेवलं. चाचांनी ते आपल्या नातीच्या फोनवर घेतलं आणि पायरीवर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. पुढच्या महिन्यात त्याच नातीचं लग्न आहे. डीजे सांगितलाय, पण चाचांनी घरात जाहीर करून टाकलंय की नवरी निघताना डीजे बंद होणार आणि आमचं हे वाजणार. नातीने काही हरकत घेतली नाही. मीही जाणार आहे, जेवायला. धाप आता लागत नाही. डॉक्टरांनी परवा छाती तपासली आणि ते गोळ्यांचं खेळणं परत मागितलं. तुमचे जावई ते कुठं ठेवलंय म्हणून शोधताहेत.

हे सगळं मी कॉम्प्युटरवरच टाइप करतेय, रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्येच, आणि ते तिथंच राहील. पाठवणार कुठं? म्हणूनच एक गोष्ट लिहून टाकते, जी मी इथं कुणाला सांगितलेली नाही. या वयात हे कशासाठी, असं कुणी विचारलं की मी तुमचं नाव पुढे करते. म्हणते, वडिलांची आठवण म्हणून. लगेच लोकांचे डोळे भरून येतात. अम्मा दुपारी टीव्हीचा आवाज कमी करतात. ऑफिसातली मैत्रीण वजनाचं विचारायची थांबली. अण्णा, तसं नाहीये. तुमची आठवण येते ती नंतर, भांडी विसळताना, कधी बसमध्ये. वाजवताना तुम्ही मनातसुद्धा नसता. तेव्हा मला फक्त मजा येत असते.